झाकल्या मुठीतली किमया

मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ शेवटच्या पानापर्यंत वाचली, तरी एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मेलेल्या देहांचे तुकडे जोडून घडवलेला तो महाकाय प्राणी जिवंत झाला कसा? सिनेमा पाहिलेल्यांजवळ उत्तर तयार असते: कडाडणारी वीज, छताकडे वर चढत जाणारे टेबल, ठिणग्या फेकणारी यंत्रे. पण हे सगळे १९३१ साली दिग्दर्शक जेम्स व्हेलने पडद्यावर आणले. १८१८ च्या पुस्तकात नोव्हेंबरातली पावसाची रात्र आहे, संपत आलेली मेणबत्ती आहे, कसल्याशा उपकरणांचा ओझरता उल्लेख आहे आणि लगेच तो प्राणी पिवळट डोळा उघडतो. कृती कुठेच नाही. पुढे उत्तर ध्रुवाच्या वाटेवर निघालेला वॉल्टन ती विचारू पाहतो, तर मरणाच्या दारात असलेला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन त्यालाच फटकारतो.

कोवळ्या वयाच्या लेखिकेला विज्ञान कितीसे ठाऊक असणार, म्हणून तिने हा भाग गाळला असेल, असे म्हणून मोकळे होता येते. पण व्हिक्टर काही एवढ्याच ठिकाणी गप्प बसत नाही. तो पहिल्यापासून गप्प आहे, आणि कादंबरीतला जवळजवळ प्रत्येक मृत्यू त्याच्या गप्प बसण्याशी जोडलेला आहे. मेरीने या पुस्तकात तीन जुन्या परंपरा एकत्र आणल्या: किमया, गॉथिक कथा आणि गुप्त इतिहास. तिन्हींचा जीव गुपितात असतो. तिने ते गुपित उचलून अशा काळात ठेवले, जेव्हा शास्त्रज्ञ आपले प्रयोग छापून जाहीर करू लागले होते. ब्रिटिश लेखक ब्रायन ऑल्डिस यांनी १९७३ साली ‘बिलियन इयर स्प्री’ या विज्ञानकथेच्या इतिहासात ‘फ्रँकेन्स्टाईन’ला या साहित्यप्रकाराचे पहिले पुस्तक म्हटले. तो मान तिला का शोभतो, हे या गुपिताच्या वाटेने गेले की नीट कळते.

हिरवा सिंह, करडा लांडगा

व्हिक्टर तेरा वर्षांचा असताना त्याचे कुटुंब थोनोंजवळ सहलीला जाते. पावसामुळे सगळे मुक्कामाच्या जागी अडकून पडतात आणि तिथे त्याच्या हाती कॉर्नेलियस अग्रिपाचा एक ग्रंथ लागतो. त्यापाठोपाठ पॅरासेल्सस आणि अल्बर्टस मॅग्नस येतात. ही तिन्ही माणसे खरी. अल्बर्टस तेराव्या शतकातला पंडित. त्याने बोलणारे धातूचे मस्तक बनवले होते, अशी दंतकथा. अग्रिपा (१४८६–१५३५) गूढविद्येचा संग्राहक. पॅरासेल्सस (१४९३–१५४१) स्वित्झर्लंडचा वैद्य. बाझेलच्या विद्यापीठात १५२७ साली त्याने लॅटिन सोडून जर्मनमध्ये शिकवले आणि खनिजांपासून केलेली औषधे वैद्यकात रुजवली. त्याच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात ‘होमुनक्युलस’ म्हणजे कृत्रिम माणूस बनवण्याची कृतीही आहे. पुरुषाचे वीर्य काचपात्रात बंद करून चाळीस दिवस घोड्याच्या लिदीच्या उबेत कुजू द्यायचे, मग चाळीस आठवडे त्याला मानवी रक्ताच्या अर्कावर पोसायचे. हे वाचून वाढलेल्या मुलाला प्रयोगशाळेत माणूस घडवावासा वाटला, तर त्यात नवल ते काय!

परीस आणि अमृत यांच्या शोधात निघालेल्या किमयागारांची भाषा सांकेतिक असे. हिरवा सिंह सूर्य गिळतो, करडा लांडगा राजाला खातो, अशी त्यांची चित्रे आणि वर्णने. करडा लांडगा म्हणजे अँटिमनीचे खनिज, राजा म्हणजे सोने, आणि लांडग्याने राजाला खाणे म्हणजे त्या खनिजासोबत वितळवून सोन्यातली भेसळ काढून टाकणे. विज्ञानाचे इतिहासकार आणि रसायनतज्ज्ञ लॉरेन्स प्रिन्सिपे यांनी अशा काही कृतींचा उलगडा करून त्या आजच्या प्रयोगशाळेत करून पाहिल्या. खास रीतीने तयार केलेल्या पाऱ्यात सोने मिसळून तापवले, तेव्हा काचेच्या भांड्यात झाडासारख्या फांद्या फुटल्या. जुन्या लेखकांनी वर्णन केलेले ‘तत्त्वज्ञांचे झाड’ हेच. म्हणजे सगळी किमया थापेबाजी नव्हती. पुष्कळ ठिकाणी खरा प्रयोग मुद्दाम झाकून ठेवलेला होता.

झाकण्याला कारणेही होती. सोने बनवण्याची युक्ती सगळ्यांना कळली तर तिची किंमत काय उरणार? शिवाय राजसत्तेची धास्ती होतीच. इंग्लंडमध्ये १४०४ च्या कायद्याने सोने-चांदी ‘वाढवणे’ हा गंभीर गुन्हा ठरवला होता. आणि अपात्र माणसाच्या हाती विद्या पडली तर अनर्थ होईल, ही भावना होती. आपल्याकडच्या रसशास्त्राच्या ग्रंथांतही पाऱ्याची विद्या गुप्त राखण्याची आज्ञा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे किमयागाराला सांगावे लागत नसे.

मूठ उघडताना

सतराव्या शतकात ही मूठ हळूहळू उघडू लागली. फॉस्फरसचा शोध याचा चांगला नमुना आहे. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने १६६९ च्या सुमारास परिसाच्या शोधात मानवी मूत्र आटवता आटवता अंधारात चमकणारा एक पदार्थ मिळवला. त्याने कृती जाहीर केली नाही, विकली. पुढे इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने तोच पदार्थ स्वतः बनवला आणि १६८० साली कृती लिहून मोहोरबंद पाकिटात रॉयल सोसायटीकडे ठेवली. ती उघडली गेली त्याच्या मृत्यूनंतर. ब्रांटने विकलेले गुपित आणि बॉइलने संस्थेकडे ठेवलेले गुपित यांच्यामधल्या अंतरात आधुनिक विज्ञानाचा जन्म दिसतो. त्याआधीच, १६६५ पासून, सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले होते. ज्याला शंका येईल त्याने प्रयोग करून पाहावा, अशा बेताने त्यात लिहिले जाई.

पण सवयी एका पिढीत जात नाहीत. बॉइलने १६७६ मध्ये त्याच नियतकालिकात सोन्याबरोबर तापणाऱ्या एका विशेष पाऱ्याविषयी लिहिले, तेव्हा न्यूटनने ओल्डेनबर्गला पत्र पाठवून बॉइलने याहून जास्त बोलू नये, अशी इच्छा कळवली. बॉइल मात्र दोन्हीकडे होता: १४०४ चा तो कायदा १६८९ साली रद्द झाला, त्यामागेही त्याचेच प्रयत्न होते. गुरुत्वाकर्षणाचे गणित जगापुढे मांडणाऱ्या न्यूटनने किमयेवर सुमारे दहा लाख शब्द लिहिले आणि जवळजवळ सगळे पेटीत ठेवले. १९३६ साली लंडनच्या सदबीजमध्ये त्या कागदांचा लिलाव झाला. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सने त्यांतले बरेच मिळवले, तेव्हा कुठे हा दुसरा न्यूटन लोकांना दिसू लागला.

मेरी शेलीला हे कागद माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण उघडी विद्या आणि झाकलेली विद्या यांतला झगडा तिला घरातूनच ठाऊक होता. तिचे वडील विल्यम गॉडविन यांनी १७९९ मध्ये ‘सेंट लिऑन’ ही कादंबरी लिहिली. सोळाव्या शतकातल्या एका फ्रेंच सरदाराला एक अनोळखी म्हातारा परिसाची आणि अमृताची विद्या देतो. अट एकच, कोणालाही, अगदी बायकोलाही सांगायचे नाही. संपत्ती कुठून आली हे सांगता येत नाही, म्हणून संशय वाढतो, मुलगा घर सोडतो, बायको खंगून मरते. नायक अमर होतो आणि एकटा पडतो. ‘फ्रँकेन्स्टाईन’ मेरीने वडिलांनाच अर्पण केली आहे. त्या अर्पणात मुलीच्या आदराबरोबर कथेचे ऋणही आहे.

सापडलेल्या हस्तलिखितांचा साहित्यप्रकार

गॉथिक कादंबरीचा जन्मच एका लबाडीतून झाला. १७६४ च्या डिसेंबरात होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ छापली, ती जुन्या इटालियन पुस्तकाचे भाषांतर म्हणून. मूळ पुस्तक नेपल्समध्ये १५२९ साली छापलेले असून उत्तर इंग्लंडमधल्या एका कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडले, अशी बतावणी करून. पुस्तक गाजल्यावर दुसऱ्या आवृत्तीत त्याने आपणच लेखक असल्याचे कबूल केले. तेव्हापासून बंद खोल्या, भुयारे, पडद्याआड काहीतरी, प्रेमात पडलेली आणि कोंडलेली नायिका आणि घराण्याचे लपवलेले पाप हे या प्रकाराचे भांडवल झाले.

गुप्त इतिहासाची कल्पना त्याहून जुनी. सहाव्या शतकात प्रोकोपियसने सम्राट जस्टिनियनच्या युद्धांचा अधिकृत इतिहास लिहिला आणि त्याच सम्राटाची लक्तरे वेशीवर टांगणारे दुसरे पुस्तक दडवून ठेवले. ते छापले गेले १६२३ साली. जे सांगितले जाते ते एक आणि घडले ते दुसरेच, हा त्यातला मोह. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर हा मोह युरोपभर पसरला. १७९७ पासून फ्रेंच धर्मगुरू ओगुस्तँ बारुएल याने क्रांतीमागे ‘इल्युमिनाटी’ या गुप्त मंडळाचा कट होता, असे सांगणारे जाडजूड खंड प्रसिद्ध केले. ते मंडळ खरे होते. प्राध्यापक आडाम वाइसहाउप्टने १ मे १७७६ रोजी ते स्थापन केले आणि बव्हेरियाच्या सरकारने दहा वर्षांच्या आत त्यावर बंदी आणली. त्यानेच क्रांती घडवली, याला मात्र पुरावा नव्हता.

वाइसहाउप्ट शिकवत होता त्या शहराचे नाव इंगोलश्टाट. मेरी आणि तिचा प्रियकर, पुढे नवरा झालेला कवी पर्सी शेली, यांनी बारुएलचे पुस्तक वाचले होते. जिनिव्हाच्या व्हिक्टरला शिकायला पाठवायला मेरीने युरोपातली इतकी विद्यापीठे सोडून नेमके इंगोलश्टाट निवडले. कादंबरीतली पत्रे ‘१७—’ अशी अर्धवट साल घालून लिहिलेली आहेत. घटना कधीच्या, ते सांगायचे टाळले आहे. पण तो प्राणी झोपडीच्या भिंतीआडून ज्या पुस्तकाचे वाचन ऐकतो, ते व्होल्नेचे साम्राज्यांच्या अवशेषांवरचे पुस्तक १७९१ साली निघालेले. म्हणजे कथा राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत घडते आणि कोणीही क्रांतीचे नाव काढत नाही. इंगोलश्टाटमध्ये जन्मलेले, आपल्या निर्मात्याच्या हाताबाहेर गेलेले ते धूड पाहून त्या काळच्या वाचकाला काय आठवले असेल, हे सांगायला नको.

जिनिव्हाचा उन्हाळा

एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आणि वायू वातावरणात पसरले आणि १८१६ साली युरोपला उन्हाळा असा लाभलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी कोलोन्यीच्या व्हिला दिओदातीत लॉर्ड बायरन, त्याचा तरुण डॉक्टर जॉन पोलिडोरी, पर्सी, अठरा वर्षांची मेरी आणि तिची सावत्र बहीण क्लेअर पावसामुळे घरात अडकले. जर्मन भुतांच्या गोष्टींचे फ्रेंच भाषांतर वाचून झाले आणि बायरनने प्रत्येकाने एकेक भूतकथा लिहावी, अशी टूम काढली. बायरनने अर्धवट सोडलेल्या कथेतून पोलिडोरीची १८१९ ची ‘द व्हँपायर’ निघाली, मेरीच्या कथेतून ‘फ्रँकेन्स्टाईन’.

त्या घरात विजेच्या आणि जीवनतत्त्वाच्या गप्पा होत. इटलीच्या लुइजी गाल्व्हानीने १७९१ मध्ये मेलेल्या बेडकाचे पाय विजेने उडवल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्याचा भाचा जोव्हान्नी अल्दिनी याने जानेवारी १८०३ मध्ये लंडनला, फाशी गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेताला विजेचे झटके दिले. जबडा हलला, एक डोळा उघडला, हात वर आला. हे सगळे लोकांसमोर घडले. जीव म्हणजे शरीराबाहेरून मिळणारे काही तत्त्व की शरीराच्या रचनेचेच कार्य, यावर लंडनमध्ये जॉन अॅबरनेथी आणि विल्यम लॉरेन्स हे शल्यवैद्य जाहीर व्याख्यानांतून भांडत होते. लॉरेन्स पर्सीचा डॉक्टर होता. कादंबरी लिहीत असताना, १८१६ च्या ऑक्टोबरात, मेरीच्या रोजनिशीत हम्फ्री डेव्हीचे रसायनशास्त्र वाचल्याच्या नोंदी आहेत. तिला विज्ञान कळत नव्हते असे म्हणणे म्हणूनच अवघड आहे. तिच्या भोवतीचे विज्ञान सभागृहात, गर्दीसमोर चालत होते. तिने आपल्या नायकाला मात्र वरच्या मजल्यावरच्या एकांत खोलीत बंद केले.

न सांगितल्याचे परिणाम

कथेकडे या नजरेने पाहिले की तिचा सांगाडा दिसतो. लहानग्या व्हिक्टरच्या हातात अग्रिपा पाहून वडील एका वाक्यात तो कचरा ठरवतात. त्यांनी जर समजावून सांगितले असते की ही मते केव्हाच मोडीत निघाली, तर आपण तो नाद सोडला असता, असे व्हिक्टर स्वतः म्हणतो. इंगोलश्टाटला प्राध्यापक क्रेम्पे त्याची टर उडवतात. वाल्डमान मात्र जुन्या किमयागारांचे ऋण मान्य करून नव्या रसायनशास्त्राची वाट दाखवतात. व्हिक्टर नवे शास्त्र शिकतो, नवी उपकरणे वापरतो, पण काम करण्याची रीत किमयागाराचीच ठेवतो. घरी पत्र नाही, गुरूंना पत्ता नाही. मेलेल्यात जीव घालण्याची युक्ती त्याला सापडते, तेव्हा ‘हे करावे का’ असे विचारणारे त्याच्या जवळपास कोणीच उरलेले नसते.

प्राणी जिवंत होतो आणि व्हिक्टर पळून जातो. मित्र हेन्री क्लर्व्हल त्याची महिनोन्महिने शुश्रूषा करतो, त्याला काही कळत नाही. धाकटा भाऊ विल्यम मारला जातो. खुनी कोण ते व्हिक्टर जाणतो, पण लोक वेडा म्हणतील म्हणून गप्प बसतो आणि घरातली निरपराध जस्टीन फासावर जाते. क्लर्व्हलचाही बळी जातो. लग्नाआधी व्हिक्टर आपल्या वाग्दत्त वधूला, एलिझाबेथला, लिहितो की आपले एक भयंकर गुपित आहे, ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगेन. ती लग्नाच्या रात्रीच मारली जाते. गॉथिक कथेत नवरा बायकोपासून बंद खोली लपवतो. इथे ती बंद खोली म्हणजे प्रयोगशाळा. मेरीने केलेला हा बदल लहान वाटतो, पण विज्ञानकथेचा पाया त्यातच आहे.

व्हिक्टरने प्रयोगाच्या आधीच्या चार महिन्यांची टिपणे ठेवली होती. ती एकानेच वाचली: ज्याच्यावर प्रयोग झाला त्याने. पळताना उचललेल्या कपड्यांच्या खिशात ते कागद त्या प्राण्याला सापडतात आणि आपण कसे बनलो, बनवणाऱ्याला आपली किती किळस आली होती, हे तो वाचायला शिकल्यावर त्यांतून जाणून घेतो. शास्त्रीय नोंदींचा हेतू इतरांनी तपासावे, दोष दाखवावेत हा. इथे तपासणारा भेटला, तोही उशिरा आणि सूडाच्या भरात. एक मात्र खरे, कादंबरीत मोकळेपणाने सगळे सांगणारा पहिला माणूस हा अमानुषच आहे. आल्प्सच्या हिमनदीजवळच्या झोपडीत तो व्हिक्टरला बसवून आपली हकीकत आद्यंत ऐकवतो.

पुस्तकावरचा पडदा

‘फ्रँकेन्स्टाईन’ १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. प्रती फक्त ५००, आणि त्यांवर लेखकाचे नाव नाही. प्रस्तावना पर्सीने लिहिलेली, त्यामुळे पुस्तकही त्याचेच असावे, असा अनेकांचा कयास. १८२३ मध्ये तिच्यावर लंडनला नाटक आले. त्याच्या जाहिरातीत प्राण्याच्या भूमिकेपुढे नावाऐवजी नुसत्या रेघा होत्या. मेरीने नाटक पाहिले आणि ही कल्पना तिला आवडली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीवर तिचे नाव आले.

पुस्तकाभोवतीही गुप्त इतिहासांची पुटे चढली. जर्मनीत डार्मश्टाटजवळ फ्रँकेन्स्टाईन नावाचा किल्ला खरोखर आहे. योहान कोनराड डिप्पेल हा किमयागार तिथे १६७३ साली जन्मला. मेरीने तिथूनच कथा उचलली, असे आजही सांगितले जाते. ती १८१४ मध्ये ऱ्हाइन नदीतून त्या भागाजवळून गेली, एवढेच नक्की. कथेतही तिने नंतर भर घातली. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत क्लर्व्हल संस्कृत शिकतो आणि हिंदुस्थानात जाऊन युरोपीय वसाहत आणि व्यापाराला हातभार लावण्याचे बेत करतो. आधीच्या आवृत्तीत यातले काही नाही. १९८९ साली अमेरिकन लेखक टिम पॉवर्सने ‘द स्ट्रेस ऑफ हर रिगार्ड’मध्ये बायरन, शेली आणि कीट्स यांच्या आयुष्यातल्या नोंदवलेल्या घटना जशाच्या तशा ठेवल्या आणि त्यांच्यामागे रक्तपिपासू अमानुष जमातीची गोष्ट रचली. किमया, गॉथिक आणि गुप्त इतिहास यांचे आजचे मिश्रण असे पुन्हा दिओदातीकडेच वळते.

१८३१ च्या आवृत्तीत आणखी एक फरक आहे. तिथे व्हिक्टर वारंवार नशिबाला बोल लावतो. त्याचा नाश जणू आधीच लिहिलेला होता. १८१८ ची आवृत्ती अधिक कठोर आहे. तिच्यात दैव फारसे आडवे येत नाही. वडिलांना, वाल्डमानला, क्लर्व्हलला, न्यायाधीशांना, एलिझाबेथला, प्रत्येक वेळी सांगता आले असते आणि प्रत्येक वेळी व्हिक्टरने न सांगणे निवडले. त्याच्या उलट वॉल्टन. तोही नव्या प्रदेशाच्या वेडाने निघालेला, पण तो बहिणीला पत्रांतून सगळे लिहितो. आणि बर्फ फुटले की परत फिरायचे, अशी मागणी खलाशी करतात, तेव्हा कुरकुरत का होईना, त्यांचे ऐकतो. त्याचे जहाज माघारी वळते आणि माणसे वाचतात. वाचायचीच असेल तर आधी ही १८१८ ची ‘फ्रँकेन्स्टाईन’ वाचावी.